पदवी, पलटण आणि वयाचं गणित

मालगुंड हे कवीचं गाव. केशवसुतांचं घर आणि स्मारक पाहायला गणपतीपुळ्याहून गाड्या इकडे वळतात, सहलीची मुलं रांगेने आत जातात. केशवसुतांच्या एका गाजलेल्या कवितेचं नाव ‘नवा शिपाई’ आहे. पण तो शिपाई विचारांच्या लढाईतला, भरतीच्या मैदानावरचा नव्हे. खुद्द केशवसुतांनी पदवी घेतली नाही. मॅट्रिक झाले, मास्तरकी केली आणि १९०५ साली हुबळीला गेले ते तिथेच वारले.

गावातल्या आजच्या मुलांपुढचा पेच निराळा आहे. एसटीने रत्नागिरीला जाऊन बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या मुलाने तिसऱ्या वर्षाला लष्कराचं नाव काढलं की त्याला दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक काका म्हणतात, “जायचं होतं तर बारावीनंतरच जायचं होतंस, आता वय गेलं.” दुसरे म्हणतात, “इतकी वर्षं शिकलास ती काय बंदूक धरायला?” दोघांनाही लष्कराचं एकच दार ठाऊक असतं: मैदानावरची धाव, छातीचं माप आणि शिपायाची भरती. पदवीधरासाठी दुसरं दार आहे, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आणि या दोन दारांची वेळापत्रकं अशी आहेत की पदवीचा कागद हातात पडेपर्यंत एक दार बंद होत आलेलं असतं आणि दुसरं नुकतंच उघडलेलं असतं.

आधी शिपायाचं दार पाहू. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली आणि तिन्ही दलांतली शिपाई दर्जाची नेहमीची भरती त्या योजनेतून होऊ लागली. भरती झालेला मुलगा अग्निवीर, मुदत चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ठरलेली रक्कम ४०,००० होते. सरकारही सेवानिधीत तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी व्याज धरून साधारण पावणेबारा लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढच्या १५ वर्षांसाठी ठेवून घेतात, बाकीचे घरी. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात, म्हणजे या योजनेचा खरा हिशेब गावात दिसायला आता सुरुवात होईल.

वयाची अट साडेसतरा ते २१. ती एखाद्या वर्षाने मागेपुढे होऊ शकते, म्हणून ज्या त्या वर्षीची जाहिरात पाहावीच. समजा, मालगुंडचा एक मुलगा ऑगस्ट २००५मध्ये जन्मला. बारावी २०२३ साली, पदवी २०२६च्या उन्हाळ्यात. निकाल लागेल तेव्हा तो पावणेएकवीस वर्षांचा असेल, आणि २१ची रेघ त्याच्यापुढे दोन-तीन महिन्यांवर. निकाल लांबला तर तेवढेही नाहीत. पहिले काका म्हणतात ते या दारापुरतं बहुतांशी खरं आहे.

यात माझं मत स्पष्ट आहे. ज्याला शिपाई व्हायचंय त्याने आधी पदवी घेण्याचं कारण नाही. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी दहावी पुरते, पदवीमुळे हुद्दा वाढत नाही आणि पगारही वाढत नाही. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राला भरतीत जादा गुण मिळतात, बी.ए.ला नाहीत. शिवाय सेवेत राहून पदवी घ्यायची सोय आहे: इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला आणि त्यातले निम्मे क्रेडिट लष्करी प्रशिक्षणाचे धरले जातात. तीन वर्षं कॉलेजात काढून, वयाच्या काठावर येऊन, अठरा वर्षांच्या मुलाबरोबर त्याच मैदानावर धावण्यात पदवीधराच्या पदरी काही पडत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. पदवीधर शिपाई पलटणीत जातो तेव्हा त्याला हुकूम देणारा लेफ्टनंट पुष्कळदा त्याच्याच वयाचा, त्याच्याइतकंच शिकलेला असतो. दोघांतला फरक असतो तो एका परीक्षेचा आणि पाच दिवसांच्या मुलाखतीचा. हे ज्याला आतून खुपेल, त्याने आधीच विचार करावा.

पदवी कामाला येईल अशा बिनअधिकारी जागा थोड्या आहेत. आर्मी एज्युकेशन कोअरमधला हवालदार, जो जवानांना शिकवतो. गणित घेऊन पदवी केलेल्यासाठी सर्वेक्षण-नकाशाच्या कामातला हवालदार. आणि धर्मशिक्षक, ज्याला थेट नायब सुभेदार म्हणून घेतात. जागा मोजक्या, जाहिराती अधूनमधून. त्यांच्यावर भिस्त ठेवून बसू नये, पण बी.एड. झालेल्या मुलाने एज्युकेशन कोअरची जाहिरात चुकवू नये.

रत्नागिरी जिल्ह्याला एकच दार का ठाऊक, याला इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातले शिपाई मोठ्या संख्येने होते. दापोलीला त्यांचा तळ होता. निवृत्त झालेले शिपाई आणि सुभेदार तिथे राहायचे, आणि कॅम्प दापोली हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी मालोजी सकपाळ सुभेदार होते, महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत येऊन राहिले. त्या काळात लष्कर आधी आणि शिक्षण नंतर असा क्रम होता. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती त्यांना पलटणीच्या शाळेत अक्षर मिळालं. रामजींचे धाकटे चिरंजीव भीमराव पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, आणि परदेशातून शिकून परतल्यावर १९१७ साली बडोद्याच्या महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. बाप सुभेदार, मुलगा पदवीधर होऊन लष्करी खात्याच्या टेबलावर. आणि तिथल्या अस्पृश्यतेने त्यांना ती नोकरी टिकू दिली नाही, हेही सर्वांना माहीत आहे.

पण सुभेदाराच्या वर काय? त्या काळात काहीच नाही. सुभेदार-मेजर हा भारतीयाचा शेवटचा हुद्दा, कितीही शिकला तरी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहा, आणि त्याही बहुतेक संस्थानिकांच्या आणि बड्या घराण्यांच्या मुलांना मिळायच्या. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, म्हणजे आयएमए, सुरू झाली १ ऑक्टोबर १९३२ला. साध्या घरातल्या पदवीधराला अधिकारी होण्याची वाट मोठ्या प्रमाणावर मोकळी झाली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि मग १९६२च्या चीन युद्धानंतर. तेव्हा अधिकारी इतके कमी पडले की कॉलेजातून तरुण गोळा करून त्यांना आणीबाणीचं कमिशन दिलं. १९६३ साली त्यासाठी मद्रासला आणि पुण्याला प्रशिक्षण शाळा निघाल्या. पुण्याची काही वर्षांत बंद झाली. मद्रासची ती आजची चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी, बोलीभाषेत ओटीए. म्हणजे पदवीधराचं दार उघडून जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्यात. शिपायाचं दार दोनशे वर्षांचं. गावच्या आठवणीत जुनंच दार राहणार, यात नवल नाही.

या दोन दारांच्या मध्ये एक जिनाही आहे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. डिसेंबर १९४७मध्ये त्यांना कमिशन मिळालं आणि चार महिन्यांनी, एप्रिल १९४८मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली त्याबद्दल परमवीरचक्र. आजही सेवेतले जवान परीक्षा देऊन डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात जाऊ शकतात. तिथे तीन वर्षांत पदवी होते आणि मग आयएमएचं वर्ष. पण हा जिना चढणारे थोडे असतात. पदवी हातात असताना मुद्दाम खालून सुरुवात करावी, असा सल्ला मी देणार नाही.

आता दुसरं दार. केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा, वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो. डेहराडूनच्या आयएमएसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय १९ ते २४. केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते. हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, किंवा अभियांत्रिकीची पदवी. चेन्नईच्या ओटीएसाठी पुन्हा कुठलीही पदवी, आणि वय २५पर्यंत. आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर. ओटीएला गणित नाहीच. कला शाखेतली कितीतरी मुलं “आपल्याला गणित जमत नाही” म्हणून या परीक्षेचा नाद सोडतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. सामान्य ज्ञान आणि गणिताचे प्रश्न इंग्रजीबरोबर हिंदीतही छापलेले असतात. मराठीत नाहीत. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

ऑगस्ट २००५मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाकडे परत येऊ. तिसऱ्या वर्षातली एप्रिल २०२६ची परीक्षा त्याने दिली, तर २४ वर्षं पुरी होण्याआधी आयएमएसाठी त्याला सहा संधी मिळतात, आणि ओटीएसाठी आणखी दोन. अग्निवीराच्या रेघेपाशी जो म्हातारा ठरत होता, तो इथे रांगेतला सर्वांत लहान. मात्र ही वर्षं तो घरी बसून ‘तयारी’त घालवणार असेल तर त्याचं नुकसान आहे. ही परीक्षा एम.ए. किंवा एखादी नोकरी करतानाही देता येते. अट एकच, लग्न झालेलं नसावं.

दोन दारांमधली एक गंमतही सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला शिपाई व्हायला १६८ सेंटिमीटर उंची लागते. अधिकारी व्हायला १५७च्या आसपास पुरते. पाच फूट चार इंचांचा मुलगा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाने (रत्नागिरी जिल्हा त्यांच्याकडे येतो) उंचीच्या खांबापाशीच परत पाठवला म्हणजे लष्कर संपलं, असं नाही.

सीडीएसखेरीज इतर वाटा भराभर सांगतो. अभियंत्यांसाठी टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, वय २७पर्यंत. लेखी परीक्षा नाही, पदवीच्या टक्क्यांवर निवडून थेट मुलाखतीला बोलावतात. कायद्याच्या पदवीधरांसाठी जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा, तिथेही वय २७पर्यंत. हवाई दलासाठी वेगळी परीक्षा, एएफकॅट, वर्षातून दोनदा. आणि एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के असतील तर सीडीएस न देता थेट मुलाखत. ‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षापर्यंत हातात यायचं तर एनसीसीत नाव पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच घालावं लागतं. तिसऱ्या वर्षाला जागा झालेल्याच्या हातून ही वाट गेलेलीच असते. लष्करात जायचं का, हा प्रश्न म्हणूनच पदवीनंतर विचारण्यापेक्षा पहिल्या वर्षाला विचारलेला बरा.

लेखी परीक्षा हा सोपा भाग. खरी चाळणी सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, एसएसबीची. भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, जालंधर अशा ठिकाणी ही मंडळं आहेत. पाच दिवस तिथेच राहायचं. एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा गेलात तर रेल्वेचं थर्ड एसीचं जाण्या-येण्याचं भाडं सरकार देतं. पोचल्यावर छातीवर नंबर बांधतात, आणि पाच दिवस तुमचं नाव तो नंबर.

पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी, आणि एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवून त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. मग पंधरा-एक जणांच्या टोळक्यात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे बाजार भरतो. जो तो ओरडतो. गप्प बसणारा जातो आणि नुसता आरडणाराही जातो. दुपारी नंबर वाचले जातात. बहुतेकांना त्याच संध्याकाळी स्टेशनवर सोडतात.

उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय परीक्षा. बारा चित्रांवर गोष्टी, त्यातलं बारावं चित्र कोरं पांढरं. मग ६० शब्द एकेक करून पडद्यावर येतात, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात आलेलं वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग: खाडीत होडीचं इंजिन बंद पडलंय, अंधार होतोय, सोबत दोन म्हातारी माणसं आहेत, काय कराल? हा प्रसंग मी माझ्या मनाने रचला, पण धाटणी हीच. जयगड-तवसाळच्या फेरीबोटीने ज्याचं येणंजाणं आहे, ज्याने बापाबरोबर जाळी ओढली आहेत, त्याला याचं उत्तर शोधावं लागत नाही. पुस्तकातली पाठ केलेली उत्तरं लिहिणारा मात्र इथे ओळखू येतो, कारण साठ प्रसंगांत साठ वेळा शूर राहणं खऱ्या माणसाला जमत नाही. क्लासवाल्यांच्या छापील वाक्यांचा सर्वांत मोठा तोटा हाच, आणि त्यासाठी ते हजारोंनी फी घेतात.

मग दोन दिवस मैदान. सात-आठ जणांचा गट, त्यांच्यापुढे खांब, भिंती आणि मोकळ्या जागांचा अडथळ्यांचा पट्टा. हातात एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि सोबत न्यायचं ओझं. जमिनीला पाय लावायचा नाही, लाल रंगाच्या भागाला कुणी शिवायचं नाही, आणि सगळ्या गटाने ओझ्यासकट पलीकडे जायचं. पुढारी कुणी नेमलेला नसतो. फळी दोन खांबांवर कशी टेकेल, तिच्या टोकावर बल्ली बांधून ती किती पुढे जाईल आणि मागच्या टोकावर कोण वजन देईल, हे ज्याला दिसतं तो बोलू लागतो. आणि दुसऱ्याची कल्पना बरी असेल तर ती उचलून धरतो तोही मोजला जातो. बाजूला उभा असलेला अधिकारी एक शब्द बोलत नाही. पूल पुरा झाला नाही तरी निवड होऊ शकते. पूल पुरा करूनही होत नाही, जर तो सगळा एकट्यानेच केला असेल.

याच दिवसांत कधीतरी तासाभराची वैयक्तिक मुलाखत. घर, शाळा, मित्र, मार्क का घसरले, वडील काय करतात, गावाची काय माहिती. मालगुंडच्या मुलाला केशवसुत कोण हे सांगता आलं नाही तर ते तिथे वाईट दिसतं. शेवटच्या दिवशी सगळं मंडळ गणवेशात अर्धवर्तुळात बसलेलं, तुम्ही आत जाता, दोन मिनिटं बोलणं, आणि तासाभराने निकाल.

ही पद्धत जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात. तोवर ब्रिटिश सैन्यात अधिकारी घराणं आणि शाळा पाहून घेत. युद्धाने इतके अधिकारी मागितले की घराणी पुरेनात, तेव्हा १९४२ साली ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून अशी निवड मंडळं उभी केली, आणि लगोलग ती भारतात आली. बापाचा हुद्दा न पाहता मुलाची वागणूक पाहायची, हा तिच्यामागचा विचार. कोकणातल्या मुलाला तो अनुकूल आहे. प्रतिकूल आहे ती इंग्रजी. हिंदीत बोलायला आडकाठी नसते, पण गटातली चर्चा इंग्रजीत वाहू लागली की मराठी माध्यमातला मुलगा पाच मिनिटं वाक्य जुळवत बसतो आणि तोवर विषय बदलतो. बुद्धी कमी नसते, सवय नसते. ती पुस्तक वाचून येत नाही, रोज मोठ्याने बोलून येते, आणि तिला दोन-तीन वर्षं लागतात. हेही पहिल्या वर्षाचंच काम.

सरकारची एक चांगली सोय कोकणात फारशी कुणाला माहीत नाही. नाशिक रोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेल्या, किंवा एनसीसीतून वा टेक्निकल कोर्समधून एसएसबीचं बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तिथे मुलाखतीची तयारी करून देतात. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं फुकट. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करायचा; रत्नागिरीतल्या कार्यालयात जाऊन विचारलं की पुढच्या तुकडीची तारीख कळते. लाखभर रुपये भरून पुण्याच्या किंवा दिल्लीच्या क्लासला जाण्याआधी एवढी चौकशी करावी.

निवड झाली तर पुढे काय मिळतं? अकादमीत असताना महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. लेफ्टनंट झाल्यावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन तेवढंच, वर १५,५०० लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि जिथे नेमणूक तिथले भत्ते. आयएमएत दीड वर्ष, ओटीएत ४९ आठवडे. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथवर बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, पुढे निवड मंडळं.

पण आयएमए आणि ओटीए यांत एक मोठा फरक आहे, आणि घरी बसून हिशेब करताना हाच नेमका सुटतो. आयएमएतून निघालेला कायम कमिशनवर असतो. २० वर्षं झाली की पेन्शनला पात्र. ओटीएतून निघालेला शॉर्ट सर्व्हिसचा: दहा वर्षं, हवं तर आणखी चार. दहाव्या वर्षी कायम कमिशन मागता येतं, सर्वांना मिळत नाही. न मिळालं तर चौतिशी-पस्तिशीत मेजर साहेब पेन्शनशिवाय, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर. आपल्याकडे ‘सरकारी नोकरी’ म्हणजे मरेपर्यंतची सोय असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे शॉर्ट सर्व्हिस कित्येकांना फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. चौतिसाव्या वर्षी शंभर माणसं सांभाळल्याचा अनुभव, हातात बचत, पुनर्वसन महासंचालनालयाचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आणि पुढे पंचवीस वर्षं कामाची, हे काही वाईट गाठोडं नाही. मात्र ते आधी माहीत असावं. ज्याच्या घरी कर्ज आहे आणि चाळिशीनंतर पेन्शनच हवी आहे, त्याने आधी आयएमएसाठी जीव तोडावा आणि गणिताशी तडजोड करावी.

अधिकारी होण्याच्या वाटेवरचा एक धोका जाहिरातींत ठळक नसतो. प्रशिक्षणात गुडघा, पाठ किंवा मणका दुखावून कॅडेट अपात्र ठरला, तर त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. अशा घरी परतलेल्या कॅडेटांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्वतःहून हाती घेतला. असं क्वचितच घडतं, पण घडतं. म्हणून निवडीनंतर अकादमीत जाण्याआधीचे दोन महिने आराम न करता धावायला हवेत. मालगुंडची पुळण त्याला उत्तम. ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर अंतर वाढवावं, वरच्या कोरड्या वाळूत पोटऱ्या तयार होतात. पण चाचणीची २.४ किलोमीटरची धाव कडक जमिनीवर असते आणि ती साधारण साडेदहा मिनिटांत मारावी लागते, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस डांबरावरही पळावं, नाहीतर पहिल्याच पंधरवड्यात नडग्या भरतात.

मुलींबद्दल. लष्कराने वैद्यकीय सेवेपलीकडे महिला अधिकारी १९९२ साली घेतल्या, शॉर्ट सर्व्हिसवर. कायम कमिशनसाठी त्यांना कोर्टात जावं लागलं. १७ फेब्रुवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एनडीएत, म्हणजे बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी २०२२ साली आली आणि त्यातल्या १७ जणी मे २०२५मध्ये बाहेर पडल्या. पदवीधर मुलीला सीडीएसमधून ओटीएचं दार आहे, एएफकॅट आहे, एनसीसी आणि कायद्याची वाट आहे. सीडीएसच्या अर्जाची फी महिलांना माफ. गावात मुलीच्या लष्कराला होणारा विरोध अजून बहुधा लग्नाच्या वयापाशी येऊन अडतो. त्यावर उपाय म्हणून एवढंच सांगता येईल, की ओटीएचं प्रशिक्षण वर्षभरातच संपतं आणि तिथून बाहेर पडताना मुलगी स्वतःच्या पगारावर उभी असते.

समुद्राकाठच्या मुलाने तटरक्षक दलही डोळ्यांसमोर ठेवावं. रत्नागिरीत त्यांचा तळ आहे, किनाऱ्यावरून त्यांची विमानं जाताना दिसतात. पदवीधराला असिस्टंट कमांडंट होता येतं, वय २१ ते २५. आणि ज्याला नाविक व्हायचंय त्याच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे अग्निपथ योजना भूदल, नौदल आणि हवाई दलापुरती आहे. तटरक्षक दलाला ती लागू नाही. चार वर्षांनी घरी येण्याची धास्ती तिथे नाही.

आणि ज्याचं वय सगळीकडून गेलंय असं गावाने ठरवून टाकलंय, बत्तीस-पस्तीसचा, कॉलेजात शिकवणारा किंवा बँकेत बसणारा, त्याच्यासाठी प्रादेशिक सेना आहे. ऑक्टोबर १९४९मध्ये ती उभी राहिली. अधिकारी होण्यासाठी पदवी हवी, वय १८ ते ४२ आणि स्वतःचा नोकरीधंदा असलाच पाहिजे, कारण लष्कर हा तिथे पोटाचा व्यवसाय धरत नाहीत. वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण, गरज पडली तर पूर्ण वेळ बोलावणं, आणि जितके दिवस गणवेशात तितक्या दिवसांचा पगार. लेखी परीक्षा होते, मग मुलाखत आणि एसएसबी. अर्जाबरोबर उत्पन्नाचा पुरावा लागतो.